भाव मोंढ्यात पडतो, प्रश्न कुठे टाकायचा?

ऑक्टोबरात सोयाबीनचे कट्टे मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, उतरायला लागले की मराठवाड्यातल्या खासदाराच्या फोनला उसंत नसते. "साहेब, भाव पार पाडलेत. तेवढं दिल्लीत मांडा." मागणी रास्त आहे. पंचाईत एवढीच की ऑक्टोबरात दिल्लीत मांडायला सभागृहच भरलेलं नसतं.

संसदेच्या तीन अधिवेशनांचा आणि आपल्या शेताच्या पंचांगाचा मेळ बसत नाही. अर्थसंकल्पी अधिवेशन जानेवारीअखेरीस सुरू होऊन मधली सुट्टी धरून एप्रिलपर्यंत जातं, पावसाळी जुलै-ऑगस्टमध्ये होतं, हिवाळी नोव्हेंबरअखेर नाहीतर डिसेंबरात. सोयाबीन निघतं दसरा-दिवाळीच्या तोंडावर. कृषी सेवा केंद्राची उधारी, मळणीयंत्रवाल्याचे पैसे, दिवाळीचा बाजार, हे सगळं त्याच पंधरवड्यात अंगावर येतं, म्हणून लहान शेतकरी मिळेल त्या भावात माल काढून मोकळा होतो. २०२४ चं हिवाळी अधिवेशन २५ नोव्हेंबरला भरलं, २०२५ चं १ डिसेंबरला. तोवर दोन-चार एकरवाल्याच्या घरात सोयाबीन उरलं तर बियाण्यापुरतं. त्यावर प्रश्नाची नोटीस किमान पंधरा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे खरेदीबद्दलचा उपयोगी प्रश्न पावसाळी अधिवेशनातच पडायला हवा, पीक कोळपणीला आलेलं असताना. खरेदी केंद्रं किती, नोंदणी कधीपासून, बारदाना कुठून येणार, ओलाव्याची अट काय, हे जुलैत विचारलं तर ऑक्टोबरात त्याचा काही उपयोग. डिसेंबरात विचारलं तर आकडेवारी मिळते, भाव मिळत नाही.

ओलाव्याचं उदाहरण घ्या. मोंढ्यात त्याला सरळ 'हवा' म्हणतात. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के हवेची मर्यादा असते. परतीचा पाऊस लांबला की ताज्या मालात १२ टक्के सापडणं अवघड, आणि केंद्रावरून ट्रॅक्टर माघारी फिरतो. माघारी फिरलेला ट्रॅक्टर घरी जात नाही, भाडं डोक्यावर असल्यामुळे जवळच्या आडतीला जातो. २०२४ च्या हंगामात केंद्राने ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, पण नोव्हेंबरच्या मध्यावर, विधानसभेचं मतदान चार-पाच दिवसांवर असताना. तोपर्यंत बराच माल ४८९२ च्या हमीभावाखाली विकून झालेला होता. सवलत मिळते हे एकदा सिद्ध झाल्यावर, ती हंगामाच्या पहिल्या दिवसापासून का नसावी हा प्रश्न पुढच्या प्रत्येक जुलैत विचारण्यासारखा आहे.

आता प्रश्न म्हणजे नेमकं काय, ते पाहू. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. तारांकिताला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात, ज्याचा प्रश्न त्याला दोन. अतारांकिताचं उत्तर लेखी पटलावर येतं. एक खासदार एका दिवसासाठी दोन्ही मिळून पाचच नोटिसा देऊ शकतो. कोणाचा प्रश्न यादीत वर येणार हे सोडतीने ठरतं. मंत्रालयांचे पाच गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाला आठवड्यातला एक वार. कोणत्या अधिवेशनात कोणता वार, हे लोकसभेच्या बुलेटिनच्या भाग २ मध्ये छापून येतं. खासदाराच्या कार्यालयात हे पान भिंतीवर चिकटवलेलं नसेल तर समजावं की प्रश्न चिठ्ठ्यांच्या भरवशावर चाललेत.

तासाभरात सभागृहात प्रत्यक्ष पाच-सहा तारांकित प्रश्न पुकारले जातात, गोंधळ असेल तर तेवढेही नाहीत. उरलेल्यांचं लेखी उत्तर पटलावर ठेवलं जातं. म्हणून तारांकितावर सगळी भिस्त ठेवू नये. आकडे काढायचे तर अतारांकित. मंत्र्याला उभं करून कोंडीत पकडायचं तर तारांकित, पण आकडे आधीच्या अधिवेशनातल्या अतारांकितातून हातात आलेले हवेत. हा क्रम उलटा केला की मंत्री आकडे वाचून दाखवतो आणि खासदार ते पहिल्यांदाच ऐकत असतो.

सोडतीत वाटा वाढवायचा एक साधा मार्ग आहे आणि तो फार कमी वापरला जातो. मराठवाड्यात लोकसभेचे आठ मतदारसंघ. आठही जणांनी, पक्ष कोणताही असो, त्याच दिवसासाठी त्याच विषयाची नोटीस दिली तर कोणाचं तरी नाव वर येण्याची शक्यता वाढते. सारखे प्रश्न एकत्र जोडले जातात, तेव्हा यादीत एका प्रश्नावर एकाहून जास्त नावं येऊ शकतात आणि ज्याचं नाव लागलं त्याला पुरवणीची संधी मिळते. मंत्रिपदावर असलेला सदस्य अर्थातच प्रश्न विचारत नाही, त्याची संख्या शून्य दिसली म्हणून त्याच्या नावाने बोटं मोडू नयेत.

मसुद्याकडे येऊ, कारण बहुतेक प्रश्न तिथेच गारद होतात. लोकसभेच्या कामकाज नियमांतल्या नियम ४१ च्या अटी कडक आहेत: १५० शब्दांच्या आत, युक्तिवाद नको, उपरोध नको, आरोप नको, मत विचारायचं नाही, न्यायप्रविष्ट बाब नको, मुख्यतः राज्याच्या अखत्यारीतला विषय नको. आता हा मसुदा पाहा, असे शेकड्यांनी जातात:

"मराठवाड्यातील सोयाबीन उत्पादक शेतकऱ्यांवर अन्याय होत आहे हे खरे आहे काय, असल्यास, शासन त्यावर कोणती उपाययोजना करीत आहे?"

स्वीकारला गेलाच तर याचं उत्तर दोन ओळींत संपतं. पहिल्या भागाला "नाही", दुसऱ्याला "प्रश्न उद्भवत नाही". अन्याय हा शब्द घातला की नाकारायला सोपं. शिवाय 'मराठवाडा' हे एकक दिल्लीच्या वह्यांत नाही. तिथे राज्य असतं आणि जिल्हा असतो. आठही जिल्ह्यांची नावं लिहावी लागतात. त्यातही एक गंमत: जिल्ह्यांची नावं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, मतदारसंघ मात्र अजून औरंगाबाद आणि उस्मानाबाद याच नावांनी आहेत. जुनी उत्तरं शोधताना दोन्ही नावं टाकून पाहावीत.

तोच विषय असा मांडला तर:

"कृषी मंत्री सांगतील काय: (अ) खरीप २०२४ मध्ये महाराष्ट्रात मूल्य समर्थन योजनेखाली सोयाबीन खरेदीचे मंजूर उद्दिष्ट किती टन होते आणि प्रत्यक्ष खरेदी जिल्हानिहाय किती झाली, (ब) नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांची जिल्हानिहाय संख्या किती व त्यांपैकी किती जणांचा माल घेण्यात आला, (क) नाफेड व एनसीसीएफने बारदान्याच्या किती गाठी कोणत्या तारखांना पुरवल्या, (ड) माल स्वीकारल्यापासून खात्यात रक्कम जमा होण्यास सरासरी किती दिवस लागले?"

यात एकही विशेषण नाही. खरा चिमटा (ब) मध्ये आहे. नोंदणी आणि खरेदी यांतलं अंतर म्हणजेच माघारी फिरलेले ट्रॅक्टर. (क) मध्ये 'बारदान्याअभावी केंद्रं किती दिवस बंद होती' असं विचारलं असतं तर माहिती राज्याकडे असते असं उत्तर आलं असतं. नाफेड आणि एनसीसीएफ केंद्राच्या नोडल संस्था, त्यांच्या तारखा मंत्रालयाला टाळता येत नाहीत. सगळ्यात आधी लिहायचा तो शेवटचा भाग आणि सगळ्यात आधी कापला जातो तोही तोच, शब्दमर्यादेत बसत नाही म्हणून. तसं करू नये. पैसे किती दिवसांनी आले यावरच शेतकरी पुढच्या वर्षी केंद्रावर जायचं की आडतीला हे ठरवतो.

चुकीच्या मंत्रालयाला टाकलेला प्रश्न हस्तांतरित होतो आणि दुसऱ्या वारावर जातो. कधी अधिवेशन संपतं तरी तो प्रवासातच असतो. मराठवाड्याच्या बाबतीत ही चूक सगळ्यात जास्त नैसर्गिक आपत्तीत होते. दुष्काळ, गारपीट, कीड आणि थंडीची लाट यांचं केंद्रातलं खातं कृषी. पूर आणि अतिवृष्टीचं खातं गृह. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडे शिवारं वाहून गेली, पिकाबरोबर माती गेली. नुकसान शेतीचंच, पण मदतीचा प्रश्न गृहमंत्र्यांना. त्यातही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के असतो आणि तो आधीच ठरलेला असतो, त्यामुळे 'केंद्राने किती मदत दिली' असं मोघम विचारलं की तोच ठरलेला हप्ता मदत म्हणून दाखवला जातो. जादा मदत राष्ट्रीय निधीतून येते. तिची वाट अशी: राज्याचं निवेदन, मग केंद्रीय पथकाची पाहणी, मग उपसमिती, मग उच्चस्तरीय समिती. विचारायचं ते तारखांचं. राज्याचं निवेदन कोणत्या तारखेला मिळालं, पथकाने अहवाल कधी दिला, समितीची बैठक कधी झाली, किती मागितले आणि किती मंजूर झाले. उशीर मुंबईत झाला की दिल्लीत, हे तीन तारखा शेजारी ठेवल्या की कळतं, भाषण लागत नाही.

निकषांचंही तसंच. २०२२-२३ ते २०२५-२६ साठीच्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिकाला २२,५००, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत. राज्य स्वतःच्या तिजोरीतून वाढवून देऊ शकतं, देतंही. पण केंद्राचा निकष बदलावा ही मागणी संसदेचीच.

दुष्काळात पैसेवारीचा, म्हणजे पीक किती आलं याच्या महसुली अंदाजाचा, घोळ होतो. गावाला पन्नास पैशांच्या आतली पैसेवारी समजते, तलाठ्याच्या तोंडीही तीच. केंद्र मात्र २०१६ च्या दुष्काळ संहितेप्रमाणे पाऊस, पेऱ्याचं क्षेत्र, वनस्पती निर्देशांक, जमिनीतला ओलावा पाहतं. पैसेवारी घालून केंद्राला प्रश्न विचारणं म्हणजे बँकेत जाऊन पायलीने हिशेब मागणं. नोटीस हिंदी नाहीतर इंग्रजीत जाते, आणि भाषांतर करणाऱ्या पोराने पैसेवारीचं काय करून ठेवलं असेल हे देवाला ठाऊक.

रेल्वेचं थोडक्यात. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ मध्ये मंजूर झाला आणि बीडला रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी. तीस वर्षं. या काळात 'मराठवाड्यातल्या रेल्वे प्रकल्पांची स्थिती काय' असं विचारणाऱ्याला ठरलेलं उत्तर मिळत आलं: प्रकल्प झोननिहाय मंजूर होतात, राज्यनिहाय किंवा जिल्हानिहाय नाहीत. म्हणून मार्गाचं पूर्ण नाव, मंजुरीचं वर्ष, ताजी अंदाजित किंमत, मागच्या मार्चअखेरचा खर्च, लागणारी आणि ताब्यात आलेली जमीन हेक्टरमध्ये, राज्याचा वाटा आणि त्यातली थकबाकी, एवढ्याच गोष्टी विचाराव्यात. अर्थसंकल्पासोबत येणाऱ्या गुलाबी पुस्तकात मार्गापुढे किती रक्कम धरलीय ते आधी पाहून घ्यावं. हजाराची एक रक्कम नावापुरती टाकलेली दिसली तर त्या वर्षी काम होणार नाही, मग उद्घाटनाचा नारळ कोणी का फोडेना.

आता परराष्ट्राचा विषय. खेड्यातल्या खासदाराला विदेश व्यापाराशी काय देणंघेणं, असं समजणाऱ्याने लातूरच्या मोंढ्यात सकाळी सौदा सुरू व्हायच्या आधी तासभर बसावं. तिथला आडत्या मलेशियातल्या पामतेलाचा आणि शिकागोच्या वायद्याचा भाव बघूनच चहा पितो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं: पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनकडून. आयात शुल्काची एक अधिसूचना निघाली की त्याच दिवशी मोंढा हलतो. आणि ही अधिसूचना काढायला संसदेची आधी परवानगी लागत नाही. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २५ खाली सरकार ती काढतं आणि नंतर पटलावर ठेवतं. परदेशाशी केलेल्या व्यापार करारालाही आपल्याकडे संसदेची पूर्वमान्यता घ्यावी लागत नाही.

तारखा पाहा. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के आणि रिफाइंडवरचं १२.५ वरून ३२.५ टक्के झालं. अधिभार धरून ते अनुक्रमे २७.५ आणि ३५.७५. शेतकऱ्याच्या बाजूचा निर्णय, पण सभागृह ऑगस्टमध्येच उठलेलं. मे २०२५ च्या अखेरीस, पेरणीच्या तोंडावर, कच्च्या तेलाचं मूळ शुल्क पुन्हा १० टक्क्यांवर आलं, अधिभारासह १६.५. तेव्हाही सभागृह बंद. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ झालं तेव्हा पावसाळी अधिवेशनाचे मोजून तीन दिवस उरले होते. पंधरा दिवसांची नोटीस कुठून बसवणार? महिनाअखेर ही माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली, म्हणजे परभणी-जालन्याकडच्या पहिल्या वेचण्यांचा सगळा काळ त्यात गेला. अशा वेळी हातात राहतो तो शून्य प्रहर, म्हणजे प्रश्नोत्तरांनंतर तातडीचे विषय मांडायची वेळ, नाहीतर नियम ३७७. शून्य प्रहरात बोललेल्याला उत्तर देणं मंत्र्यावर बंधनकारक नसतं, चित्रफीत मात्र गावात फिरते. ३७७ खाली अडीचशे शब्दांच्या आतलं निवेदन द्यायचं, आठवड्यातून एकदाच, पण त्यावर मंत्र्याचं लेखी पत्र येतं. निवड करायची वेळ आली तर ३७७ घ्यावं. चित्रफितीला सही नसते.

शुल्क वाढलं तरी २०२४ मध्ये सोयाबीन हमीभावाच्या वर का गेलं नाही, हे ज्या खासदाराला सांगता येत नाही त्याला मंत्री सहज फिरवतो. गणित सोपं आहे. क्विंटलभर सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड, व्यापारी तिला डीओसी म्हणतात. डीओसी किलोमागे पाच रुपयांनी उतरली तर क्विंटलमागे ४०० रुपये गेले. ते भरून काढायला तेल किलोला २२ रुपयांनी चढावं लागेल. शुल्क तेलावर असतं, पेंडीवरचा दबाव वेगळाच. ब्राझील-अर्जेंटिनाची स्वस्त पेंड जगाच्या बाजारात असते, आणि इथे इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा मका-तांदळाचा चोथा कोंबडीखाद्यात डीओसीची जागा घेतो. ऑगस्ट २०२१ मध्ये तर १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीलाच परवानगी दिली गेली होती, नवं पीक यायला दीड-दोन महिने असताना. म्हणून 'तेलावरचं शुल्क वाढवा' एवढीच मागणी अर्धी आहे. उरलेली अर्धी पेंडीच्या निर्यातीची आणि चोथ्याच्या धोरणाची.

त्यात मंत्रालयांची वाटणी अशी की शुल्क अर्थ मंत्रालयाकडे, आयात-निर्यातीचं धोरण वाणिज्यकडे, हमीभाव कृषीकडे, आणि खाद्यतेलाचा पुरवठा ग्राहक व्यवहार-अन्न मंत्रालयाकडे. शेवटच्या मंत्रालयाचं काम तेल स्वस्त ठेवणं हे आहे, कृषीचं काम तेलबिया वाढवणं. ऑक्टोबर २०२४ मध्ये १०,१०३ कोटींचं तेलबिया अभियान मंजूर झालं ते कृषीचं. एकाच तिमाहीबद्दल दोघांना प्रश्न टाकावा. एक उत्तर येतं तेल महागू नये म्हणून शुल्क घटवल्याचं, दुसरं येतं तेलबियांना चांगला भाव मिळावा म्हणून उपाय केल्याचं. दोन्ही कागद शेजारी ठेवले की पुढच्या अधिवेशनातला तारांकित आपोआप तयार होतो.

नेपाळचं प्रकरण मात्र जपून हाताळायचं. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारामुळे नेपाळमधून रिफाइंड तेल शून्य शुल्कावर येतं. इथलं शुल्क चढलं की त्या वाटेने येणारं सोया आणि पाम तेल वाढतं, आणि नेपाळ काही पामचा देश नव्हे. मोंढ्यात हे लोक एका वाक्यात सांगतात, ते वाक्य प्रश्नात चालत नाही. मित्र राष्ट्राबद्दल अनादर होईल असा उल्लेख नियम ४१ मध्ये बसत नाही. तेव्हा आरोप टाळून 'मूळ देशाचे नियम', म्हणजे माल खरा कोणत्या देशाचा हे ठरवणारे नियम, विचारावेत. वाणिज्य मंत्र्यांना: गेल्या तीन वर्षांत नेपाळमार्गे शून्य शुल्कावर आलेलं रिफाइंड सोया व पाम तेल महिनानिहाय किती. अर्थ मंत्र्यांना, वेगळ्या नोटिशीत: २०२० च्या मूळ देश पडताळणी नियमांखाली यांतल्या किती खेपांची तपासणी झाली आणि किती खेपांची सवलत नाकारली. दोन्ही एकाच प्रश्नात घातलं की एक मंत्रालय दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटतं. महिनानिहाय हा शब्द गाळू नये. वर्षाच्या बेरजेत सप्टेंबर २०२४ नंतरचा चढ दिसत नाही.

तुरीचा घोळ निराळा, करारच झालेले आहेत. मोझांबिकशी २०१६ पासून, पुढे मलावी आणि म्यानमारशी २०२१ मध्ये: मोझांबिकची २ लाख टन, म्यानमारची १ लाख, मलावीची ५० हजार टन तूर दरवर्षी. २०१५-१६ मध्ये डाळ दोनशेवर गेली त्या धास्तीतून हे निघालं आणि त्या वेळी ते चुकीचं नव्हतं. पण शुल्कमुक्त आयातीची मुदतवाढ कधी जाहीर होते ते पाहा. ३१ मार्च २०२६ पर्यंतची वाढ जाहीर झाली जानेवारी २०२५ मध्ये, ऐन तुरीच्या राशी (मळणी) चालू असताना. शिवाय डिसेंबर २०२३ पासून पिवळा वाटाणा बिनशुल्क येत राहिला, त्यावर ३० टक्के शुल्क लागलं ते १ नोव्हेंबर २०२५ पासून. आयात बंद करा ही मागणी शहरातले खासदार हाणून पाडतील. मुदतवाढीचा निर्णय राशीच्या हंगामात जाहीर करू नका, ही मागणी मात्र कोणाला नाकारता येणार नाही.

परदेशाचं दुसरं काम माणसांचं. आखातात गेलेल्या पोराचा पगार थांबला, पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला, कोणी तिकडेच वारला, तर त्यासाठी संसदीय प्रश्न हे हत्यार नव्हे. एकट्या माणसाचं प्रकरण परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर आधी नोंदवावं, त्याचा क्रमांक घेऊन खासदाराचं पत्र मंत्रालयाला आणि संबंधित दूतावासाला जावं. क्रमांक नसलेलं पत्र फिरत राहतं. पत्रात पासपोर्ट क्रमांक, मालकाचं नाव-पत्ता, गेल्याची तारीख, एजंटचा नोंदणी क्रमांक. पार्थिव आणायला पैसे नसतील तर दूतावासाकडच्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून खर्च मागता येतो, घरच्यांना ते कोणी सांगत नाही. दहावी न झालेल्यांना अठरा देशांत नोकरीसाठी जाताना परवानगी लागते आणि दहा लाखांचा विमा सक्तीचा असतो. पर्यटक व्हिसावर गेलेला यातल्या कशातच बसत नाही. प्रश्न विचारायचा तो या गळतीबद्दल: राज्यातून किती नोंदणीकृत एजंट, किती तक्रारी, किती परवाने रद्द.

सभागृहाइतकंच, माझ्या मते जास्त, काम स्थायी समित्यांत होतं. चाकूरच्या शिवराज पाटलांच्या अध्यक्षपदाच्या काळात, १९९३ मध्ये, विभागनिहाय समित्या सुरू झाल्या. तेव्हा १७ होत्या, आता २४ आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य. मुदत एक वर्ष. बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरा नसतो, त्यामुळे सदस्य पक्षाची पाटी बाजूला ठेवून बोलतात आणि खात्याच्या सचिवाला समोर बसून उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडच्या सदस्याला बहुधा रेल्वे किंवा कृषी समिती हवी असते. कृषी ठीकच. पण ज्याच्या मतदारसंघात सोयाबीन, तूर आणि कापूस ही तीनच पिकं आहेत त्याने एकदा तरी वाणिज्य समिती मागून घ्यावी. शुल्काचा आणि कराराचा विषय तिथे येतो, आणि तिथे शेतकऱ्याच्या बाजूने बोलणारा सापडणं दुर्मीळ. खासगी विधेयकावर मात्र फार घाम गाळू नये. दोन्ही सभागृहांत मंजूर झालेलं शेवटचं खासगी विधेयक १९७० मधलं आहे.

राहिलं उत्तर वाचायचं काम. कार्यालयात उत्तर आलं की त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो आणि फाइल बंद होते. खरं तर तिथून पुढे सुरू होतं. पहिलं पाहायचं, (अ) ते (ड) वेगवेगळी उत्तरं आहेत की सगळं एकत्र करून दिलंय. एकत्र असेल तर बहुतेक एक भाग गिळलेला असतो, तो कोणता ते शोधून पुढच्या नोटिशीत तो एकटाच विचारायचा. दुसरं, परिशिष्टातलं कोष्टक. मजकुरात नसलेली गोष्ट बऱ्याचदा तळटीपेत असते. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'माहिती जमा केली जात आहे व पटलावर ठेवली जाईल' किंवा 'बाब विचाराधीन आहे' असे शब्द. हे आश्वासन धरलं जातं आणि ते पाळायला तीन महिन्यांची मुदत असते. शासकीय आश्वासन समिती त्याचा हिशेब ठेवते, मुदतवाढ मागितली किंवा आश्वासन वगळायची विनंती आली तर तीही तिच्यापुढे जाते. 'राज्य सरकारला कळवण्यात आले आहे' हे मात्र आश्वासन नव्हे, तो बंद झालेला दरवाजा आहे. त्याची चावी केंद्रीय मंत्रालयाकडून राज्याला गेलेल्या पत्राच्या तारखेत असते. ती तारीख घेऊन आमदाराकडे जावं, म्हणजे तो विधानसभेत त्याच पत्राचं उत्तर मागू शकतो.

कार्यालयात एक साधी वही पुरते. पाच रकाने: नोटिशीची तारीख, मंत्रालय, प्रश्न क्रमांक, उत्तरात न मिळालेली गोष्ट, पुन्हा विचारायचा वार. लोकसभेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावाने सगळे प्रश्न आणि उत्तरं दिसतात, तेव्हा ही वही घरी बसून कोणीही भरू शकतो. पत्रकाराने भरावी, शेतकरी संघटनेने भरावी. चौथा रकाना सलग तीन अधिवेशनं तोच राहिला तर मंत्रालय टाळतंय, आणि पाचवा रकाना रिकामा राहिला तर खासदार.

तुरीची नोंद या वहीत डिसेंबरात करायची. राशी जानेवारीत सुरू होतात, अर्थसंकल्पी अधिवेशन महिनाअखेर. पहिल्या आठवड्यात प्रश्न लागायला हवा असेल तर नोटीस संक्रांतीच्या आसपास पोर्टलवर पडलेली असली पाहिजे.